एका वेळी एकच व्यक्ती

हे माझ्याच बाबतीत घडलंय. मित्राच्या मित्राच्या नाही. मी कूलिंग इंजिनिअर आहे, आकडे बघितल्याशिवाय सहसा कशावर विश्वास ठेवत नाही. तरीही सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे.

रात्रही नव्हती. भर दुपार होती. पण आमच्या डेटा सेंटरच्या हॉलला खिडकीच नाही, त्यामुळे आत दिवस काय आणि रात्र काय, सारखंच.

माझी बायको आणि मी एकाच ठिकाणी कामाला होतो. सगळे तिला 'गारठा मॅडम' म्हणायचे, कारण कुठल्याही खोलीत शिरली की ती आधी एसी वाढवायची. कंपनीने कपाटांत दाटीवाटीने भरलेली नवी कॉम्प्युटर मशिन्स आणली. एकेका कपाटातून भट्टीसारखी धग यायची. ती थंड कशी ठेवायची, हे आम्हा दोघांना ठरवायचं होतं.

मी हवेच्या बाजूचा. मोठे पंखे लावायचे, समोरून गार हवा सोडायची, मागून गरम हवा ओढून घ्यायची. ती म्हणायची, हवेचे दिवस संपले. मशिन्स सरळ खास तेलाच्या टाकीत बुडवायची. त्या तेलातून वीज जात नाही, उष्णता मात्र भराभर निघून जाते.

"तळायला घेतेस का मशिन्स?" मी चिडवायचो.

"तू बस वारा घालत," ती म्हणायची.

जेवतानासुद्धा हाच वाद. त्याचा निकाल लागायच्या आत साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

निर्णय माझ्या एकट्याच्या गळ्यात पडला.

हवेच्या हॉलमध्ये पंख्यांचा इतका आवाज असतो की कान झाकूनच आत जावं लागतं. बोलणं शक्यच नाही. म्हणून आमच्यात एक पद्धत आहे. कुणाला काही सांगायचं असेल, तर मागून येऊन खांद्यावर दोनदा थोपटायचं. म्हणजे, बाहेर चल, बोलायचंय.

ती गेल्यावर मी पहिल्यांदाच हवेच्या चाचणीला उभा होतो. मशिन्सच्या मागे, गरम बाजूला. एकटाच.

आणि...

खांद्यावर दोनदा थोपटलं.

मी वळलो. कुणी नव्हतं.

अंगावर सर्रकन काटा आला. पण दुसरी थाप जराशी रेंगाळली होती. तशी फक्त तिचीच रेंगाळायची.

मी तिथेच मटकन खाली बसलो आणि ढसाढसा रडलो. त्या आवाजात माझं रडणं मलाही ऐकू येत नव्हतं.

मग मी रोज जायला लागलो. रोज थाप पडायची. बाहेर चल...

मी जायचो नाही. बाहेर ती नव्हतीच ना! घरी तिची उशी होती, चष्मा होता, ती नव्हती.

हवा पुरत नव्हती, हे मला कळत होतं. मशिन्स तापत होती, मंदावत होती. पण तेलाच्या टाक्या आल्या की पंखे जाणार. हॉल शांत होणार. लोक तोंडाने बोलणार. मग खांद्यावर थोपटायला कोण येणार?

"अहो, किती चाचण्या घ्याल?" साहेब म्हणायचे. "उद्या सगळं जळालं तर?"

"एक शेवटची," मी म्हणायचो.

त्या दुपारी मशिन्स एकामागून एक बंद पडायला लागली. सगळीकडे लाल दिवे. गरम वाऱ्याने तोंड भाजत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

थाप पडली. पुन्हा पडली. थांबेचना...

मग तो हात खांद्यावर घट्ट बसला.

"बरं बाई, तुझंच खरं!" मी ओरडलो. "बुडवू सगळी!"

आणि निघालो. हात तसाच खांद्यावर. मला इतका आनंद झाला होता, काय सांगू! ती पहिल्यांदाच बाहेर येत होती. माझ्याबरोबर. घरी.

हॉलच्या बाहेर पडताना काचेची एक छोटी खोली लागते. मागचं दार मिटलं की पुढचं उघडतं. पण कुणाच्या मागून दुसरं कुणी चोरून जाऊ नये, म्हणून आत एकच माणूस असेल तरच.

मागचं दार मिटलं.

पुढचं उघडेना...

वर लाल अक्षरं उमटली. एका वेळी एकच व्यक्ती.

काचेपलीकडे सिक्युरिटीचे काका होते. नव्यानेच कामाला लागलेले. त्यांचा आवाज स्पीकरमधून आला. "साहेब, एकेक करून या. ताईंना जरा मागे थांबायला सांगा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "कोण ताई?"

"अहो, तुमच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या आहेत त्या."

मी मागे बघितलं नाही. धीरच झाला नाही. श्वास पुरत नव्हता. काका काचेवर टकटक करत होते.

"थांब जरा," मी म्हणालो. "मी पुढे होतो."

हात उचलला गेला.

मागचं दार उघडलं... मिटलं. मग पुढचं उघडलं.

भानावर आलो तसा परत आत धावलो. "ये! चल ना!" म्हणून ओरडलो. पंख्यांपुढे माझा आवाज कुठच्या कुठे गेला.

काका अजूनही शपथेवर सांगतात, त्या ताई मुकाट्याने वळल्या आणि आत गेल्या.

आता टाक्या बसल्या आहेत. मशिन्स गार आहेत. हॉल इतका शांत आहे की कुजबुजलं तरी ऐकू येतं. कुणी नसलं की मी तिला हाक मारतो. घरी चल म्हणतो. मग खांदा सैल सोडून उभा राहतो.

काही होत नाही.

आयुष्यभर त्या बाईने माझं एक ऐकलं नाही.

ते 'थांब जरा' एवढं मात्र ऐकलं.