पाखरांना मोजता येत नाही

आमच्या बागेच्या कुंपणापलीकडची शेतं हिवाळाभर पाण्याखाली असतात आणि तिथे बदकं उतरतात. ती जवळून दिसावीत म्हणून मी आणि बायकोने बांधावर गवताची खोपी उभारली होती. पण खोपीत माणूस शिरताना दिसलं की बदकं लांब सरकतात. त्यावर पक्षी पाहणाऱ्यांची जुनी युक्ती आहे. दोघांनी आत जायचं आणि एकाने त्यांच्या देखत परत यायचं. पाखरांना मोजता येत नाही. खोपी रिकामी झाली असं समजून ती जवळ येतात. परत यायचं काम माझ्याकडे, कारण मला घटकाभरही गप्प बसवत नाही असं हिचं म्हणणं.

यंदा युक्ती चालेना. मी निघून आलो तरी बदकं खोपीपासून लांबच. शेवटी ही कंटाळून घरी आली, आणि त्या दिवसापासून आमच्या बागेतही पाखरू उतरेना. दाणे तसेच पडून राहायचे. घराला कुलूप लावून आम्ही रस्त्यावरून पाहिलं, तरी चिमण्या आणि धोबी पक्षी कुंपणावर बसून रिकाम्या घराकडे बघत होते. मी शेजारच्या मांजरावर खापर फोडलं. हिचं मात्र जेवणावरून मन उडालं.

"ते माझ्यामागून आलंय," ती म्हणाली. "मीच खोपीत परत नेऊन सोडते. तुम्ही येऊ नका."

मी हसण्यावारी नेलं.

सकाळी लख्ख उन्हात ती एकटी खोपीत शिरली. मी खिडकीत दुर्बीण लावून उभा. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली आणि शाल सावरत बांधावरून चालू लागली. तिच्यामागे खोपीकडे एकही बदक फिरकलं नाही. म्हणजे आत कोणीतरी राहिलं होतं. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात आमच्या बागेत पाखरं उतरली आणि अधाशासारखी दाण्यांवर तुटून पडली. मला हसूच आलं.

फाटक वाजलं.

ती आत आली आणि गवतावरून, पाखरांच्या मधूनच, घराकडे निघाली.

एकही उडालं नाही.

पायाशी माणूस आलं तरी दाणे टिपत राहणारी चिमणी मी जन्मात पाहिली नव्हती. मी धावत जाऊन दाराला कडी घातली.

"अहो, उघडा ना," बाहेरून हिचाच आवाज आला.

मी दुर्बीण पुन्हा खोपीकडे वळवली. तिथली बदकं आणखी लांब सरकत होती, आत माणूस दिसलं की सरकतात तशी.