बैलाची मान आणि ओला दुपट्टा

"मिनल, दार उघडून नाही राहिलं वं."

पियुषनं दार ओढलं, खांदा लावला, शेवटी लाथही मारली. रबरी कडेचं जाडजूड दार ढिम्म हललं नाही. आतली कडी मोडली होती. संग्रहालयात काम करणाऱ्या तिघांही मोठ्यांना ते ठाऊक होतं. पण तक्रार दुसऱ्या कुणी केलीच असेल, असं प्रत्येकाला वाटत होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भिवापूरहून आलेल्या या मावसभावाला मिनलला एक जुना लाकडी बैल दाखवायचा होता. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या ओढलेला. अंग सागवानी, चाकं लोखंडी, पाठीवर रेशमी झूल. मुग्धामावशी त्याचं लाकूड जपायची, गिरिधरकाका लोखंड, मिनलची आई कापड. तिघं आपापल्या वेळी येत आणि एकमेकांना न विचारता जात.

"काकांबरोबर बघा," आई म्हणाली होती. पोरं काकांच्या आधीच आत शिरली आणि बैलाचं पोट बघायला त्याच्यामागे आडवी झाली. काकांनी बाहेरूनच हवा कोरडी करायच्या यंत्राचा जोर वाढवला, दार ओढलं आणि गेले.

आता यंत्राच्या घरघरीत हाका विरून जात होत्या. यंत्राचं बटण बाहेर. फोन बाहेरच्या कपाटात. आई समजणार, पोरं काकांबरोबर आहेत. मिनलचे ओठ सुकून ताणले गेले.

टिक्.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुन्हा टिक्. बैलाच्या मानेवर केसाएवढी चीर पडली होती आणि ती पुढे सरकत होती.

"हा तं फुटून राहिला ना!"

यंत्राखालच्या डब्यात हवेतून ओढलेलं पाणी साचलं होतं. पियुषनं गळ्यातला दुपट्टा त्यात बुडवला आणि बैलाकडे धावला. मिनलनं त्याचा हात धरला. झुलीचा रंग उतरेल, चाकं गंजतील, आणि लाकूड एकदम फुगलं तर चीर आणखी फाटेल, तिनं भराभर सांगितलं.

"मंग काय, पाहत बसू?"

मिनलची नजर भिंतीवरच्या पांढऱ्या डबीवर गेली. ओलावा वाढला की ही डबी तिघांच्याही फोनवर घंटी वाजवायची. काकांना धास्ती गंजाची, म्हणून ती तेवढ्यापुरतीच लावलेली; ओलावा घटून लाकूड तडकलं तरी ती गप्प बसे!

"दुपट्टा पीळ. घट्ट पीळ. आणि इकडे आण."

ओला दुपट्टा डबीभोवती गुंडाळून दोघं थांबली. डबीवरचा आकडा हलेना. टिक्. पियुषनं डोळे मिटले. मग आकडा सरकला, चढू लागला, लाल झाला.

जिन्यावर पावलं वाजली. घंटी ऐकून काका धावले ते चाकांसाठी, मावशी बुरशीच्या भीतीनं, आई झुलीसाठी. दार उघडलं. आणि समोर घामेजलेली दोन पोरं!

आईनं आधी दोघांना पोटाशी धरलं, मग रागावली. तोवर मावशीनं चीर पाहून यंत्र बंद केलं होतं. काकांनी गुडघ्यावर बसून मानेवरची चीर निरखली.

"पोरी, मी फक्त चाकंच पाहिली," ते म्हणाले. "तू अख्खा बैल पाहिलास. शाबास!"

"आता ओलावा किती ठेवायचा, तो आकडा कोण ठरवणार?" मावशीनं विचारलं.

"आपण तिघं, इथेच बसून. कडीचंही आजच बघू." आईनं मिनलच्या केसांवरून हात फिरवला. "तिघं नाही, चौघं."

"अन् मी?" पियुष म्हणाला. "दुपट्टा तं माहा होता!"