दोबिन्यीची होडी आणि विठ्ठलवाडीचे पोहे

कलावंताला काळाचं बंधन नसतं, असं फार मोठ्या माणसांनी म्हणून ठेवलं आहे. विनीतला पाच वाजता विठ्ठलवाडीला पोहोचायचं होतं.

तिथे समीक्षा नावाची, बँकेत नोकरी करणारी एक मुलगी त्याला बघणार होती. म्हणजे अधिकृतपणे तोच तिला बघणार होता, पण हल्ली दोन्ही बाजू सारखंच बघतात. ठाकुर्लीच्या घरी आईने इस्त्रीचा निळा शर्ट दारामागे लटकवून ठेवला होता आणि चारपर्यंत घरी ये, नखांतला रंग काढ, असं बजावून ठेवलं होतं. भर दुपारी विनीत मात्र डोंबिवलीच्या मोठागावच्या खाडीत, एका होडीत, दक्षतासमोर बसला होता.

याला जबाबदार दोबिन्यी. हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच निसर्गचित्रकार. त्याने एका होडीवर खोपटं बांधून तिचाच स्टुडिओ केला आणि पाण्यात बसून पाण्याची चित्रं काढली. डोंबिवलीच्या रविवार चित्रकार मंडळात त्याला आणलं साईनाथ सरांनी. सर निवृत्त झाल्यावर युरोपच्या सहलीला गेले होते. पॅरिसच्या संग्रहालयात बाकीची मंडळी प्रसिद्ध चित्रांकडे धावली. सरांचे गुडघे दुखत होते, म्हणून ते दिसेल त्या बाकावर बसले, आणि समोर दोबिन्यी होता. बस सुटेपर्यंत तोच होता. माणसाचं आयुष्य असं बदलतं. परत आल्यावर सरांनी जाहीर केलं, की पुढच्या महिन्यात ठाण्याला प्रदर्शन, नाव ‘दोबिन्यीस अर्पण’, आणि प्रत्येक चित्र होडीत बसूनच काढलेलं हवं. नावावरून हा माणूस आपल्याकडचाच वाटतो, एवढी एकच चर्चा होऊन ठराव मंजूर झाला.

होड्या तीन मिळाल्या, चित्रकार सहा. गेल्या रविवारी चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरल्या. विनीतच्या चिठ्ठीत दक्षता निघाली. “बरं,” असं त्याने इतक्या शांतपणे म्हटलं, की शेजारच्या अपूर्वने घाबरून त्याला पाणी दिलं.

दोघांची पहिली भेट झाली होती ठाणे स्टेशनजवळच्या रंगांच्या दुकानात. हिरव्या रंगाची शेवटची ट्यूब, आणि तिच्यावर एकाच क्षणी दोन हात. तुम्ही घ्या... नाही, तुम्हीच घ्या... दुकानदार कंटाळून म्हणाला, मी तिसऱ्यालाच विकतो. तेव्हा विनीतने ती ट्यूब तिच्या हातात ठेवली, आणि तेव्हापासून त्याची झाडं निळसर येऊ लागली. दुकानात नवा माल केव्हाच आला होता. पण झाड निळं आलं की मंडळात दक्षता त्याच्या मागे येऊन उभी राहायची, मान वाकडी करायची आणि विचारायची, “आजारी आहे का रे हे?” तेवढ्यासाठी तो चार महिने निळ्यावर भागवत होता.

दक्षता मोठागावचीच, कोळ्यांच्या घरातली. शाळेत चित्रकला शिकवायची. होडी तिच्या दामाजीकाकांची. विठ्ठलवाडीचं प्रकरण तिला मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं होतं. रविवारी मला लवकर निघावं लागेल, असं विनीतने लिहिलं आणि अपूर्वने त्याखाली कांदेपोह्यांच्या बशीचा फोटो टाकला. दक्षताने त्यावर अंगठा दाखवला. मग दोन दिवस तिने शाळेतल्या पोरांकडून फक्त वादळाची चित्रं काढून घेतली.

तर होडी. तिने ती बाकीच्या दोन होड्यांपासून लांब, तिवरांच्या सावलीत नेली. वल्हं मारताना तिने ओढणी कमरेला खोचली, आणि थोड्या वेळाने विनीतच्या लक्षात आलं, की आपण कॅनव्हासवर कोरडाच ब्रश फिरवतोय. पलीकडच्या काठावर टॉवरांची रांग होती. दोबिन्यीच्या नदीवर टॉवर नव्हते, म्हणून त्याने ते गाळले.

“खोटं काढतोयस,” ती म्हणाली.

“श्रद्धांजली आहे.”

“हां, मग बरोबर. श्रद्धांजलीत खोटंच बोलतात.”

पिवळा हवा म्हणून त्याने हात पुढे केला. तिने ट्यूब दिली... आणि सोडली नाही. एक बगळा हे सगळं बघत होता. संध्याकाळी कुठला शर्ट घालणार, तिने विचारलं. निळा, तो म्हणाला. छान, झाडांना शोभेल, ती म्हणाली आणि ट्यूब इतक्या अचानक सोडली, की अर्धा पिवळा त्याच्या पँटवर सांडला.

आणि होडी थड् करून थांबली.

खाली पाणी नव्हतं. सगळीकडे राखाडी, चकचकीत चिखल, आणि त्यावर टुणटुण उड्या मारणाऱ्या निवट्या मासोळ्या. दोघांनी चिखलाकडे अत्यंत गंभीरपणे पाहिलं. खाली कोणीच उतरलं नाही.

आईचा फोन आला. होडी अडकलीय, विनीतने सांगितलं. रिक्षा करून ये, आई म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा फोन, मग पुन्हा. येईलच पाणी, तो सांगत राहिला. तिसऱ्यांदा फोन ठेवून त्याने दक्षताकडे पाहिलं. छाती अशी धडधडत होती, की तेवढ्याने होडी सुटेल असं वाटत होतं. होडी सुटली नाही.

“दक्षता... तू इथलीच ना?”

“जन्मापासून.”

“मग आज ओहोटी कधी, हे तुला—”

ती ब्रश धूत होती. ब्रश केव्हाच स्वच्छ झाला होता.

“ठाऊक होतं,” ती म्हणाली. “सहाच्या आधी पाणी येत नाही, तेपण ठाऊक होतं. आता चिडायचं तर चिड... फक्त उतरून जाऊ नकोस.”

विनीत चिडला नाही. तो पिवळ्या पँटकडे बघत म्हणाला, “मी मोबाईलवर बघून आलेलो.”

“काय?”

“ओहोटी. चिठ्ठ्या निघाल्या त्याच दिवशी बघितलेली.”

“म्हणजे चार महिने तोंडातून शब्द नाही, आणि ओहोटी बरी बघता येते?”

“चार महिने निळी झाडं काढतोय. कोणाला आवडतात गं निळी झाडं?”

ती हसली. इतकी हसली, की बगळा उडाला. मग तिने ब्रश खाली ठेवला. तिकडे एक मुलगी तयार होऊन बसली असेल, ती म्हणाली. होडीवर ढकलायचं नाही. आईला खरं काय ते सांग, आत्ता.

आजवर विनीतने आईला फक्त आईला आवडणाऱ्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्याने नंबर लावला.

“आई, मी विठ्ठलवाडीला नाही येत. होडी अडकलीय, पण... त्यामुळे नाही.”

आईने विचारलं कोण आहे, काय करते, कुठली, आणि शेवटी, आत्ता कुठे आहे. होडीतच आहे, असं कळल्यावर आई म्हणाली, “तिला दे.”

दक्षताने फोन पिवळ्या बोटांनी धरला. पुढे बराच वेळ ती फक्त हो, नाही हो, जेवले, येतं ना पोहता, एवढंच बोलत होती. फोन परत दिला तेव्हा तिच्या कानाच्या पाळीला पिवळा लागला होता. पुसायला म्हणून विनीत पुढे सरकला... आणि पुसायचं राहिलं.

“काय म्हणाली आई?” बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

“पुढच्या रविवारी घरी बोलावलंय मला. आणि समीक्षाची माफी मागायला तू स्वतः जायचंस.”

त्याने तिचा हात हातात घेतला. उन्हं तिवरांमागे गेली होती, चिखल सोन्यासारखा दिसत होता, आणि सहा वाजूच नयेत असं दोघांना वाटत होतं.

“काय गो, आजून इतंच?”

दामाजीकाका आले होते. हातात चहाची किटली, अंगात हाफपँट. काठावरून ते चालतच आले होते. त्यांनी दोघांना चहा दिला, दोन्ही चित्रं पाहिली, बरी हायेत म्हणाले आणि आले तसे चालत परत गेले.

चिखल त्यांच्या घोट्यांच्या वर आला नाही.