उताऱ्याबाहेरचं उत्तर

नूतन चहा-आंबोळ्यांचा ट्रे घेऊन ओसरीवर आली, तेव्हा नवा पाहुणा झोपाळ्यावर बसून पुस्तकाशी भांडत होता.

"अरे, पण हे मला कसं ठाऊक असणार!"

नागावला लोक समुद्रात डुंबायला येतात; हा मात्र नूतनच्या घरच्या वाडीतली खोली घेऊन इतिहास वाचत होता! नूतनने पुस्तकात डोकावलं... "अय्या, हा तर माझाच पेपर!"

पाहुण्याचं नाव गणराज, पेणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातला. आता भावाबरोबर ट्रकचा धंदा बघायचा. तो आणि नूतन दोघंही बाहेरून बी.ए. करत होते, केंद्र अलिबागला. नूतन गेल्या वर्षी याच पेपरात आपटली होती. यंदाही राहिला तर बी.एड.चा प्रवेश हुकणार होता.

"त्या उताऱ्याच्या प्रश्नानं घात केला," ती म्हणाली. "उतारा दिसला की मला येतं ते सगळंच ओतते मी."

"आणि मी उताऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. बाहेरचं काही येतच नाही ना!"

मग दुपारची पाहुण्यांची जेवणं उरकली की दोघं नारळांच्या सावलीत बसू लागले. ती सनावळ्या सांगायची. मध्येच भरकटली की तो भुवई उंचवायचा — "हे उताऱ्यात कुठंय?" ती चिडायची, मग हसायची. तिच्या हसण्याबरोबर त्याची सनावळी मात्र हमखास चुकायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "हा उतारा घ्या. एक पाहुणा दोन दिवसांसाठी आला आणि आठवडाभर राहिला. समुद्र त्याने पाहिलासुद्धा नाही. का बरं?"

नूतनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी ती शांतपणे म्हणाली, "उताऱ्यात कारण दिलेलं नाही."

"अंदाज...?"

"अंदाजाला पुरावा लागतो." आणि ती पळालीच.

दुसऱ्या दिवशी पेपरात उतारा आला तो मिठागरांवरच्या जुन्या हुकुमाचा. नूतनने तो दोनदा वाचला. विचारलं तेवढंच लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. बाहेर आली तर गणराज फाटकाशी डोकं धरून उभा!

"काय झालं?"

"मिठागर दिसलं आणि माझा तोल गेला हो. आजोबा, खाडीची भरती, फुटलेला बांध... सगळं लिहून आलो. हुकुमाबद्दल अक्षर न्हाय!"

नूतन हसू दाबत होती, पण ते फुटलंच. तोही हसला.

"नूतन... नापास झालो तर?"

"परत परीक्षेला यावं लागेल. खोली रिकामी ठेवीन."

"आणि पास झालो तर?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तर... आईबाबांना घेऊन या."

निकालाची वाट बघायचा धीर त्याला कुठला! पुढच्याच रविवारी वाडीच्या तोंडाशी त्याचा ट्रक येऊन उभा राहिला. केबिनमधून त्याचे वडील उतरले, आणि पाठोपाठ, पदर सावरत, त्याची आई.

"तूच का गो नूतन?" तिने दारातूनच विचारलं. "चल, आधी च्या ठेव. मंग बोलू."