चैतालीचा नमुना

मी विज्ञान शिकलेली मुलगी. ऐकीव गोष्टींवर माझा विश्वास नाही. ही ऐकीव नाही. मागच्या ऑगस्टमधला रविवार, भर दुपार, सुदुंबऱ्याजवळची आमची प्रयोगशाळा. नोंदी अजून माझ्या वहीत आहेत.

आम्ही मानवी एन्झाइम बनवतो. माणसाचं जनुक प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत घालायचं आणि पेशींनी तयार केलेलं प्रथिन गाळून घ्यायचं. प्रत्येक कुपीवर चिठ्ठी असते : ‘फक्त संशोधनासाठी. माणसाला देऊ नये.’

आमच्याकडे काचसामान धुणाऱ्या भागुबाईंची नात, चैताली. चार वर्षांची. तिच्या शरीरात नेमकं हेच एन्झाइम तयार होत नव्हतं. स्नायू निकामी होत चालले होते. पोर कधी चाललीच नाही.

"आसावरीताई, येक बाटली द्या की. कुणाला कळतंय?"

"मावशी, हे औषध नाही. टोचलं तर जीव जाईल तिचा."

"माणसाचंच हाय म्हणता, आन् माणसालाच चालत न्हाई? लय शिकलाय बाई तुमी!" मग हळूच म्हणाल्या, "आन् न्हाई दिलं तर?"

मी कुप्या बाहेर बोळातल्या फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि त्याचं दार लावलं.

जुलैत चैताली गेली.

तपासणीसाठी घेतलेले तिच्या रक्ताचे थेंब एका जाड कागदावर वाळवलेले होते. तो कागद माझ्याकडेच राहिला. प्रत्येक चाचणीत आम्हाला एन्झाइम अजिबात नसलेला एक नमुना लागतो, बाकीचे ताडून बघायला. चैतालीचं रक्त त्यासाठी अगदी योग्य होतं...

मी तेच वापरत राहिले. कुणालाही न विचारता. ती गेल्यावरही.

त्या रविवारी मी एकटीच होते. एन्झाइम असलं की दिव्याखाली नळी निळी चमकते. मी दिवा लावला...

चैतालीची नळी निळी होती.

माझीच चूक असणार. कागदाचा नवा तुकडा घेतला, नवी नळी घेतली.

आणखी निळी...

वाळलेल्या रक्तातलं एन्झाइम दिवसागणिक कमी होतं. नसलेलं तयार होत नाही. कधीच नाही.

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली...

लहान. अनवाणी. पळणारी.

फ्रीजरपाशी येऊन थांबली.

मी दार उघडलं. कुणी नव्हतं. फ्रीजर उघडला. एका कुपीचं सील शाबूत होतं. आत काहीच नव्हतं.

सोमवारी भागुबाई बाटल्या विसळत होत्या.

"मावशी, चैतालीचं काहीतरी माझ्याकडे राहिलंय. परत देते."

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"ऱ्हाऊ द्या तितंच. आत्ता कुटं पळाया लागलीय पोर."

मी त्यांना कागदाबद्दल सांगितलं नव्हतं. पावलांबद्दलही नाही.

तेव्हापासून आणखी चार कुप्या रिकाम्या झाल्यात. सील न तुटता.

तो कागद मी जाळू शकते. एक काडी पुरेल. पण मग तिला दुसऱ्यांदा नाही म्हटल्यासारखं होईल...