थांबवलेला लंबक

खोलीत एक पलंग, एक मेज, पलंगाशी ओढलेली एक खुर्ची, बूच लावलेली एक रिकामी बाटली, एक आरसा, लंबकाचं एक घड्याळ आणि पत्रकार फर्गस हॅनराटीचं प्रेत. आरशाचं तोंड भिंतीकडे. घड्याळ बंद. मेलबर्नचा जुलै, बाहेर कडाक्याची थंडी, तरी खिडकी सताड उघडी.

"बाटलीत अफूचा अर्क असायचा," फादर कॉन्सिडीन म्हणाले. "पोलीस आत्महत्या म्हणतात. तसं ठरलं, तर चर्चच्या दफनभूमीत, बायकोशेजारी, त्याला पुरता येणार नाही मला. नोराशेजारची ती जागा त्यानं जपून ठेवली होती, रोश."

डेनिस रोश खासगी तपासाची कामं करी. हॅनराटीसारखाच तोही आयर्लंडहून आलेला. सोबतचा विल्मट इंग्रज होता, जमीन मोजणारा.

"उघडच आहे," विल्मट म्हणाला. "एकटा माणूस. स्वतःचं तोंड बघवेना, आरसा फिरवला. घड्याळाला चावी द्यायचीही इच्छा उरली नाही."

रोशनं चावी घालून पाहिली. ती तसूभरही फिरली नाही. मग त्यानं बाटलीत काडी घातली. तळाशी कडक, कोरडी खपली. घड्याळाच्या काचेवर अंगठ्याचा काळा ठसा होता. ओल्या बोटानं तो पुसला गेला नाही. मेजावरचा शाईचा डाग मात्र लगेच पसरला.

घरमालकीण मिसेस पॅस्को दारात उभी होती. "मी कशाला हात लावलेला नाही. आणि याच्याकडे येणार कोण? खाणीवरच्या दंग्याबद्दल यानं छापलं, तेव्हापासून तुमचीच माणसं याची सावली टाळायची."

"शेजारी कोण राहतं?"

"ग्रोगन. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो. दोघं एकाच गावचे. पण जिन्यात भेटले, की एकजण भिंत बघणार."

ग्रोगन आला तो हात खिशात घालूनच.

"दंग्यातली नावं यानं पेपरात दिली. त्यात माझा भाऊ होता. तुरुंगातच मेला. याच्याशी एक शब्द बोलणार नाही, अशी शपथ घेतली मी. आठ वर्षं पाळली."

"काल रात्रीही?"

"काल रात्रीही."

"पटतं मला," रोश म्हणाला. "न बोलता किती वेळ बसलास?"

ग्रोगनची नजर पलंगाशी ओढलेल्या खुर्चीकडे गेली.

रोश विल्मटकडे वळला. "आमच्याकडे माणूस गेला की घड्याळ थांबवतात, आरसा फिरवतात, आत्म्याला वाट म्हणून खिडकी उघडतात. मेलेल्याला यातलं काही जमत नाही. घड्याळाला चावी पुरेपूर आहे, म्हणजे लंबक कुणीतरी हातानं धरला. काचेवरची शाई तेलकट, छापखान्याची. पत्रकाराची शाई पाण्यानं पसरते. आणि बूच लावलेल्या बाटलीत कालचा थेंब असा सुकत नाही. तो अर्क कित्येक आठवड्यांपूर्वीच संपला होता."

ग्रोगननं हात बाहेर काढले. नखांत काळं होतं.

"भिंतीतून त्याचा खोकला रोज ऐकायचो. काल घरघर लागली. आत आलो. त्यानं हात पुढं केला, मी धरला. बोलला तो. मी नाही."

"काय बोलला?"

"खुर्ची घे म्हणाला."

"सकाळी सांगितलं का नाहीस, बाबा?" फादरांनी विचारलं.

"मग आठ वर्षं कशाला घालवलीस, असं विचारलं असतंत तुम्ही."

त्यानं कोट चढवला आणि जबानी द्यायला तो फादरांबरोबर निघाला.

गुरुवारी दफनभूमीत विल्मटनं मोजणीची फीत धरली. नोरा आणि फर्गस यांच्या कबरींमधलं अंतर एक फूट नऊ इंच भरलं.