राहणाऱ्या माणसांची संख्या

गरम पाण्याचं बिल दर महिन्याच्या पाच तारखेला येतं. ते मी आधी छापून घेते, कारण पडद्यावरच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही. तीस वर्षं मी बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर बसले. त्यातली निम्मी लोकांच्या सह्या ताडून बघण्यात गेली. हातात कागद आल्याशिवाय माझं डोकं चालत नाही.

हे परदेशात एका गोदीत वेल्डर होते. अकरा वर्षं जहाजं दुरुस्त केली. राहायला तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती. त्या इमारतीला गरम पाणी एका कंपनीकडून यायचं आणि प्रत्येक खोलीला वेगळा मीटर होता. ह्यांना बिलाची तारीख कधी म्हणून लक्षात राहायची नाही. ऐन थंडीत दोनदा पाणी तोडलं गेलं, तेव्हा मी म्हटलं, राहू दे, इकडून मीच भरते. म्हणजे ह्यांनी तिकडे कमवून पैसे इकडे पाठवायचे, आणि मी त्यातलेच थोडे पुन्हा तिकडच्या चलनात करून परत तिकडे पाठवायचे. दोन्ही वेळा बँकेचं कमिशन वेगळं. ऑफिसात सगळे हसायचे, काय हा द्राविडी प्राणायाम म्हणायचे. मी ऐकून घ्यायची.

खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. बिलावर रोज वापरलेल्या पाण्याची एकेक उभी रेघ असते. महिन्याच्या तीस दिवसांच्या तीस रेघा. त्यावरून मला ह्यांचा महिना कळायचा. शनिवारची रेघ सगळ्यांत उंच, कारण आठवड्याची काजळी त्या दिवशी उतरायची. एखाद्या दिवशी रेघच नसली तर दुहेरी पाळी. सलग तीन दिवस भरपूर पाणी म्हणजे स्वारी ताप अंगावर काढतेय. मी फोन करून विचारायची, "बरं नव्हतं का तुम्हाला?" हे हसायचे. "मला बायको दिलीय की मीटर?" म्हणायचे.

बिलाच्या तळाशी एक चौकट असते. राहणाऱ्या माणसांची संख्या. दर माणशी काही ठरावीक आकार लागतो, त्यासाठी ती चौकट. तिथे कायम एक छापलेलं असायचं. हे दर वर्षी म्हणायचे, "अगं, ये ना. तिथे दोन करून टाकू. दारामागे तुझ्यासाठी हुकसुद्धा ठोकून ठेवलाय." मी म्हणायची, पुढच्या वर्षी. आधी लेकीची परीक्षा, मग तिचं लग्न, मग माझी बढती. अकरा वेळा मी पुढच्या वर्षी म्हटलं. आता मोजते तेव्हा जीव तुटतो.

गेल्या वर्षी हे गोदीतच कोसळले. मी तिथे गेले ती तेव्हा, सहा दिवसांसाठी. शवागारात मी ह्यांना पाहिलं. उजव्या अंगठ्यावरची भाजल्याची खूण बोटांनी चाचपून पाहिली. त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा.

खोलीत एक पलंग, एक टेबल, कोपऱ्यात बेसिन, त्यावर आरसा. खिडकी उघडली की समोर विटांची भिंत. दारामागे दोन हुक. एकावर कामाचं जाकीट लटकत होतं. दुसरा कोरा, अकरा वर्षांनीही चकाकणारा. जाकीट मी बॅगेत भरलं. गोदीने खोलीचं भाडं वर्षभराचं आगाऊ भरलेलं होतं, म्हणून पलंगावर चादर पसरली, किल्ली घरमालकीणबाईंकडे दिली आणि बाकीचं सामान नंतर बघू असं म्हणून परत आले.

आणि एक चूक केली. खातेदार गेला की आधी मृत्यूचा दाखला जोडायचा, बाकीचं नंतर बोलायचं, हे मी काउंटरवर शेकडो लोकांना ऐकवलंय. समोर रडणाऱ्या बायकांनासुद्धा ऐकवलंय. पाण्याच्या कंपनीला मात्र मी दाखला पाठवला नाही. पाठवला असता तर बिलावरचं नाव गेलं असतं.

पहिले दोन महिने एकही रेघ नव्हती. नुसता स्थिर आकार यायचा, तो मी भरत होते.

तिसऱ्या महिन्यात एक रेघ उमटली. बारीक, शनिवारी.

नळ गळत असेल म्हणून मी घरमालकीणबाईंना फोन लावला. बाई व्यवहाराला चोख, बोलणं तुटक. म्हणाल्या, खोलीचा मुख्य नळ त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केलाय आणि आत कुणीही गेलेलं नाही. चौथ्या महिन्यात चारही शनिवारी रेघा आल्या. पाचव्या महिन्यात रोजच्या. कंपनीने माणूस पाठवून मीटर तपासला, तो बरोबर निघाला. शेवटी मी बाईंकडे खोलीचा फोटो मागितला. पलंगावर मी पसरलेली चादर तशीच होती. टेबलावर धूळ, तिच्यावर कुणाचं बोटसुद्धा उमटलेलं नव्हतं. फक्त बेसिनवरचा आरसा वाफेने धुरकटलेला दिसत होता. तसं विचारलं तर बाई म्हणाल्या, फोटो नीट आला नसेल.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर मी पाच तारखेची वाट बघायला लागले. चार तारखेला मला जेवण गोड लागायचं नाही. बिल आलं की चष्मा पुसून एकेक रेघ बघायची, शनिवार हातभर उंच दिसला की बरं वाटायचं. एका महिन्यात सलग तीन दिवस पाणी जास्त गेलं होतं. माझा हात आपोआप फोनकडे गेला. अर्धा नंबर लावून झाल्यावर मी भानावर आले.

लेक माहेरपणाला आली तेव्हा तिने ते कागद बघितले.

"आई, बाबांच्या नावाने तू अजून बिल भरतेस?"

"खोली वर्षभर आपल्याकडेच आहे ना."

"अगं, पण रिकाम्या खोलीत एवढं पाणी वापरतंय कोण?"

मी कागद गोळा करायला लागले.

"कुणीतरी घुसलंय तिथे," ती म्हणाली. "तुझ्या जिवावर आंघोळी चालल्यात. बंद कर ते आधी."

तिचं चुकत नव्हतं. तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. त्याच दुपारी मी कंपनीला अर्ज लिहिला, जोडणी बंद करावी म्हणून. मृत्यूचा दाखला कपाटातून बाहेर काढला, मिनिटभर हातात धरला आणि परत आत ठेवला. अर्ज तसाच धाडला. त्यानंतरचे आठ दिवस मी घरात कशाकशाला हात लावला ते मला आठवत नाही. आपण ह्यांना पुन्हा एकदा निरोप दिला, आणि या खेपेला तोही आपल्या सहीने, एवढंच डोक्यात होतं.

नवव्या दिवशी उत्तर आलं. नम्र आणि छापील. खातेदाराखेरीज इतर कुणाच्या अर्जावरून जोडणी बंद करता येत नाही. शिवाय खातेदाराने याच आठवड्यात वेगळा अर्ज दिला आहे, त्याची प्रत माहितीसाठी सोबत जोडली आहे.

ती प्रत मी छापून घेतली.

राहणाऱ्या माणसांच्या संख्येत बदल. आधीची संख्या, एक. नवी संख्या, दोन. पुढील महिन्याच्या चौदा तारखेपासून. नव्या व्यक्तीशी नातं, पत्नी.

खाली सही होती.

मी टेबल खिडकीशी ओढलं, भिंग काढलं, ह्यांच्या जुन्या सह्या शेजारी मांडल्या. नक्कल करणारा माणूस नमुना समोर ठेवून सही करतो, त्यामुळे खोटी सही नमुन्याशी फार जुळते. खरी सही माणसाबरोबर बदलत जाते. अंगठा भाजल्यापासून ह्यांच्या सहीची शेवटची रेघ मधेच उचलली जायची, केसाएवढी जागा सुटायची आणि मग पेन पुन्हा टेकायचं. बँकेतल्या नमुन्यात ती जागा नाही. पासपोर्टवर नाही. माझ्या वाढदिवसाला ह्यांनी पाठवलेल्या शेवटच्या पत्रात तेवढी आहे, आणि ते पत्र माझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही.

अर्जावर जागा सुटलेली होती.

सही जुळली.

मी रडले. भीती नव्हती त्यात. अकरा वेळा नाही म्हटलं, तरी ह्यांनी विचारायचं सोडलं नव्हतं.

काल, पाच तारखेला, बिल आलं. चौकटीत एक आणि शेजारी बारीक अक्षरात, चौदापासून दोन.

आज सकाळी मी बँकेत गेले. माझ्या काउंटरवर आता माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी बसते. हे गेल्याचं मी बँकेतही कुणाला कळवलेलं नाही. फॉर्म बघून ती म्हणाली, "मॅडम, पैसे पाठवण्याचं कारण नेहमीचंच लिहू ना? कुटुंबाचा निर्वाह?"

"नेहमीचंच."

"दर महिन्याला आपोआप जातील असं करून देऊ का? तुमचा हेलपाटा वाचेल."

"नको गं. पुढची बिलं तिकडूनच भरू आम्ही."

'आम्ही' तिच्या लक्षात आलं नसावं. ती खुशीत येऊन म्हणाली, "अय्या, निघालात? कधी?"

"चौदाला."

"म्हणजे आठच दिवस राहिले की! तिकीट, व्हिसा, सगळं झालं ना?"

तिकीट मी काढलंच नव्हतं. पासपोर्टची मुदत गेल्याच महिन्यात संपली, हेही मला तिच्यासमोर उभी असताना आठवलं. जन्मभर नियमाने चालणारं माणूस मी, पण त्याचं मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

"झालं सगळं," मी म्हणाले, आणि पावती घडी घालून पर्समध्ये ठेवली.

येताना दुकानातून एक टॉवेल घेतला. दुकानदार जोडीवर सूट आहे म्हणत होता. मी एकच घेतला, माझा हुक एकच आहे.